भीती टोळीची, मार घरातला

१३ सप्टेंबर २०२२ रोजी जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना गावकऱ्यांनी काठ्या-पट्ट्यांनी बडवलं. साधू उत्तर प्रदेशातले. विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते आणि वाटेत एका मुलाला त्यांनी रस्ता विचारला होता. तेवढ्यावरून ‘पोरं पळवणारी टोळी आली’ अशी हाकाटी उठली. त्याआधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेने पाच जणांचा जीव घेतला होता. मंगळवेढ्याकडून पोट भरायला गेलेले ते डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्या दोन्ही गावांतल्या लोकांनी जे केलं ते आपापल्या मुलांना वाचवण्यासाठी केलं, असंच त्यांना वाटत होतं.

सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये अशी अफवा पेटायला वेळ लागत नाही. १९९८ साली सांगली आणि मिरजेबरोबर कुपवाडही महापालिकेत आलं, पण गावाला आकार दिला तो एमआयडीसीने. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यातून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून, अलीकडे उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं इथे कामाला येतात, भाड्याच्या खोलीत राहतात, काम सुटलं की खोली बदलतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं पूर्ण नाव ठाऊक नसणं इथे नवलाचं नाही. त्यात कोल्हापूरच्या अंजनाबाई गावित आणि तिच्या मुलींच्या प्रकरणाची आठवण या भागातल्या जुन्या माणसांच्या मनातून अजून गेलेली नाही. १९९० ते १९९६ या काळात चोरी करताना आडोसा म्हणून वापरायला त्यांनी मुलं पळवली आणि त्यातल्या काहींना मारून टाकलं. ते खरंच घडलं होतं. म्हणून परक्या माणसाची भीती निव्वळ खुळेपणाची आहे असं मी म्हणणार नाही. पण मुलांवरच्या हिंसेचा अभ्यास ज्यांनी ज्यांनी केला, त्या सगळ्यांचं बोट वेगळ्याच दिशेला जातं.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. दर तीन मुलांपैकी दोन मुलांनी शारीरिक मारझोड सोसल्याचं सांगितलं, आणि कुटुंबात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ अनुभवला होता. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा त्याचा विश्वास असलेले होते. बहुतेक मुलांनी हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पोलिसांत नोंदलेल्या गंभीर गुन्ह्यांत ओळखीचं प्रमाण याहून जास्त दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत, ‘पॉक्सो’ या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या शंभर प्रकरणांपैकी नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीतला असतो. घरचा, नात्यातला, शेजारचा, कामाच्या ठिकाणचा किंवा मैत्रीतला.

मग अपहरणाचे एवढे आकडे येतात ते कुठून? २०२२ साली देशात मुलांवरच्या गुन्ह्यांची १,६२,४४९ प्रकरणं नोंदली गेली आणि त्यातली जवळजवळ ४६ टक्के अपहरणाची होती. हा आकडा बातमीत वाचला की टोळीची भीती घट्ट होते. पण १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली तर अपहरण झालं असं धरूनच गुन्हा नोंदवायचा. आदेश योग्यच होता, कारण त्याआधी गरिबाच्या हरवलेल्या मुलाची पोलीस ठाण्यात दखलही घेतली जात नसे. त्याचा परिणाम असा की बापाच्या माराला कंटाळून रेल्वेत बसलेला मुलगा आणि प्रेमात घर सोडून गेलेली सतरा वर्षांची मुलगी हेही त्याच रकान्यात येतात. पॉक्सोच्या आकड्यांचंही तसंच आहे. बेंगळुरूच्या ‘एनफोल्ड’ संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ निकाल तपासले, तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा प्रेमसंबंधांचा निघाला. घर सोडून पळालेल्या मुलाच्या प्रकरणात मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की तो कशाला पळाला?

घरातल्या माराकडे वळायला हवं, कारण सर्वांत मोठी हिंसा तीच आहे आणि तिला हिंसा म्हणायला आपली जीभ रेटत नाही. ‘आम्हीपण मार खाऊनच मोठे झालो’ हे वाक्य न ऐकलेला मराठी माणूस विरळाच. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तही आई श्यामला पोहायला जावं म्हणून मारते. इतक्या मायेच्या पुस्तकातही मार आहे, हे आपल्या समजुतीबद्दल बरंच सांगून जातं. मुलाला वळण लावायला हात उचलावाच लागतो हे आपण धरून चाललो आहोत. हात उचलणारा माणूस दर वेळी क्रूर असतो असं नाही. बहुतेक वेळा तो थकलेला, चिडलेला, पैशाच्या काळजीने पोखरलेला असतो आणि समोर असं एक माणूस असतं जे उलट मारू शकत नाही. चापट, मग पट्टा, मग हातात येईल ते. या पायऱ्या चढताना आपण कुठली ओलांडली हे मारणाऱ्याला कळत नाही.

मूल किती लहान आहे यावर हिंसेचं रूप बदलतं. पहिल्या वर्षात सर्वांत घातक गोष्ट म्हणजे बाळाला गदागदा हलवणं. बाळाचं रडणं जन्मानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं. एका खोलीचं घर, रात्रपाळी करून आलेला बाप, सासूचे टोमणे आणि काही केल्या न थांबणारं रडणं. हलवल्याने बाळाचं डोकं मागेपुढे हिसकलं जातं, मेंदूभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, आणि बाहेरून अंगावर एक ओरखडाही दिसत नाही. ‘पाळण्यातून पडलं’ म्हणून असं बाळ दवाखान्यात येतं.

डॉक्टर अशा वेळी अंगावरच्या खुणा वाचतात, आणि ते वाचन आपणही शिकून घेण्याजोगं आहे. खेळणाऱ्या मुलाला लागतं ते हाडाच्या उंचवट्यांवर : गुडघे, नडग्या, कोपर, कपाळ. कान, मान, पोट, पाठ, कुल्ले या जागा पडून सहसा काळ्यानिळ्या होत नाहीत. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर निळे डाग दिसले तर ते साधं पडणं नसावं, असं मानून पुढची तपासणी करतात. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर तर कुठेही काळानिळा डाग असू नये. जे अजून कुशीवर वळत नाही ते स्वतःला मुका मार लावून घेणार कसं? दुमडलेल्या वायरचा किंवा पट्ट्याचा वळ अर्ध्या फेऱ्यासारखा उमटतो, आणि तो पाहिलेला माणूस पुन्हा चुकत नाही. अंगणवाडी ताई मुलाचं वजन करायला सदरा काढते, तेव्हा हे तिला दिसू शकतं.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे जगभरच्या संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. त्यातली एकेक सुटी घेतली तर तिने काहीच सिद्ध होत नाही. दोन-तीन एका घरात साठल्या की मूल खरोखर धोक्यात येतं. दारू ही पहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये मेफेड्रोनचा, म्हणजे एमडी या अमली पदार्थाचा, मोठा साठा पकडला, तेव्हा गावाचं नाव राज्यभर झालं आणि पोरं एमडीच्या नादी लागतील म्हणून पालक धास्तावले. ती धास्ती खरीच. पण कामगार वस्तीतल्या मुलाच्या पाठीवर जो रोजचा हात पडतो तो दारू प्यालेला असतो, आणि पगाराच्या दिवशी घरातली मुलं कोपरा धरून का बसतात हे वस्तीला माहीत असतं.

दुसरी, आईला होणारी मारहाण. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रियांनी नवऱ्याचा मार खाल्ल्याचं सांगितलं. ज्या घरात बाई मार खाते त्या घरात मुलालाही मार बसण्याची शक्यता बरीच वाढते, आणि मुलावर हात पडला नाही तरी आईला मारताना पाहणं हीसुद्धा त्याच्यावरची हिंसाच आहे. आणि मार खाऊन पिचलेली आई तिचा संताप कधी कधी मुलावरच काढते. तिला नुसता दोष देऊन काही हाती लागत नाही.

तिसरी गोष्ट मुलाची स्वतःची, आणि ती ऐकायला जड जाते. अपंग मूल, विशेषतः ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याची बौद्धिक वाढ कमी आहे, त्याच्यावर हिंसा होण्याचा धोका इतर मुलांच्या जवळजवळ चौपट असतो. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात हे दिसलं. कारण उघड आहे. त्याची काळजी घेणारं माणूस एकच असतं आणि तेही दमलेलं असतं. मूल सांगू शकत नाही, आणि सांगितलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

मुलाकडे बघायला कोण आहे, हा प्रश्न कुपवाडसारख्या औद्योगिक गावात फार महत्त्वाचा आहे. आई सकाळच्या पाळीला पॅकिंगच्या कामावर, बाप फाउंड्रीत, आजी-आजोबा गावाकडे जतला. दहा वर्षांची ताई दोन वर्षांच्या भावाला सांभाळते आणि शाळा चुकवते. दुपारभर घरात मोठं माणूस नसतं, आणि हे वस्तीतल्या सगळ्यांना माहीत असतं. पाळणाघराची कायदेशीर सक्ती ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच आहे, आणि इथले कितीतरी कारखाने लहान. ठेकेदाराकडच्या बाईला तर तो हक्क मागायचा कुणाकडे हेच कळत नाही. मुलांना वाचवण्यासाठी कुपवाडला आधी काय हवं, असं मला कुणी विचारलं तर कॅमेऱ्यांच्या आधी मी पाळणाघर आणि दुपारची अभ्यासिका सांगेन.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हे वाचून कुणी ‘झोपडपट्टीतले लोक असेच’ असा निष्कर्ष काढू नये. दारिद्र्याने ताण येतो, जागा अपुरी पडते, मदत विकत घेता येत नाही, म्हणून धोका वाढतो. पण बंगल्यातल्या माराला भिंती जाड असतात एवढाच फरक. याच सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात, जून २०२५ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलीचा वडिलांच्या मारहाणीत मृत्यू झाला. ‘नीट’च्या सराव परीक्षेत गुण कमी पडले हे कारण होतं. मुलगी हुशार होती. वडील शाळेत शिकवणारे होते. गरिबी, दारू, अडाणीपणा यांपैकी काहीही न लागता एक मूल गेलं. गुणांचा हा ताण आपल्या मध्यमवर्गात धोक्याचा घटक म्हणून मोजलाच जात नाही.

लैंगिक अत्याचाराची रीत मात्र वेगळी. तो सहसा रागातून होत नाही, तो सावकाश रचलेला असतो. आधी माणूस घराचा विश्वास मिळवतो. अडीअडचणीला धावून येतो, मुलाला शिकवणीला सोडतो, मोबाईलवर गेम खेळू देतो. मग मुलाला ‘तू माझा खास’ असं वाटायला लावतो, एखादं छोटं गुपित त्याच्याबरोबर ठेवतो (‘चॉकलेट दिलं ते आईला सांगू नकोस हं’) आणि मूल ते गुपित पाळतं की नाही हे बघतो. स्पर्श सुरू होतो तो गुदगुल्या, मस्ती, मालिश अशा नावांनी. आपण सांगितलं तर आई रडेल, बाबा मारतील, काकांना पोलीस नेतील, हे सगळं ओझं मुलाच्या डोक्यावर येतं. ‘मग तेव्हाच का नाही बोललास?’ असं मोठी माणसं विचारतात. मूल तेव्हा बोललेलं असतं. ‘मला त्या काकांकडे जायचं नाही’ असं म्हणालेलं असतं, आणि आपण त्याला पाया पडायला पुढे ढकललेलं असतं.

मुलग्यांबद्दल आपण आणखीच आंधळे आहोत. २००७ च्या त्या अभ्यासात शारीरिक मार खाल्लेल्यांमध्ये मुलगे निम्म्याहून जास्त होते आणि लैंगिक छळ सोसलेल्यांमध्येही मुलग्यांची संख्या मुलींच्या मागे नव्हती. पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखंच संरक्षण देतो. पण मुलग्याला सांगायला शब्दच नसतात, कारण हे मुलग्यांच्या बाबतीत होतं असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

संस्थांमध्ये हीच रीत सत्तेच्या जोरावर चालते. सप्टेंबर २०१८ मध्ये वाळवा तालुक्यातल्या कुरळपच्या आश्रमशाळेतल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले, ते पोलिसांपर्यंत पोचलेल्या एका निनावी पत्रामुळे. घरापासून दूर, पोटासाठी आणि शिक्षणासाठी अत्याचार करणाऱ्या माणसावरच अवलंबून असलेल्या मुली तक्रार कुणाकडे करणार? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींच्या बाबतीत गुन्हा नोंदवून घ्यायलाच वेळ लागला, आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. दोन्ही ठिकाणी अत्याचार करणारा एक होता आणि गप्प राहिलेले किंवा टाळाटाळ करणारे कितीतरी. संस्थेचं नाव मुलापेक्षा मोठं झालं की धोका तिथूनच सुरू होतो.

या सगळ्याचा शरीरावर दीर्घकाळ परिणाम होतो, हे १९९८ साली अमेरिकेतल्या विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी दाखवलं. बालपणी मार, छळ, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण असे चार किंवा अधिक अनुभव आलेल्या प्रौढांमध्ये नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पटींनी जास्त होते. हृदयविकार आणि फुप्फुसांचे आजारही वाढलेले होते. मार खाऊन मोठं होणारं प्रत्येक मूल पुढे मारणारा बाप होतं असं मात्र नाही. बहुतेक होत नाहीत, आणि ज्यांच्या आयुष्यात एक जरी विश्वासाचं मोठं माणूस असतं ते सावरण्याची शक्यता जास्त असते. आत्या, शिक्षिका, शेजारच्या काकू, कुणीही.

हिंसा कमी करता येते याचेही पुरावे आहेत. स्वीडनने १९७९ मध्ये घरातल्या मारावरही बंदी घातली, असं करणारा तो पहिला देश. आपल्याकडे शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने २०१० पासून बंदी आहे, घरातल्या माराबद्दल तेवढा स्पष्ट कायदा नाही. अमेरिकेत एल्मायरा या गावी प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत घरी जात राहिल्या, आणि पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या घरांत मुलांच्या छळाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं होतं. त्यांनी धाक घातला नव्हता. बाळ का रडतं, आईने कधी विसावा घ्यावा, कामाचं पुढे काय करायचं, एवढंच त्या बोलत होत्या. आपल्याकडे घरोघर जाणारी आशाताई आहेच. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत ती सहा-सात वेळा त्या घरात जाते. वजन, ताप, अंगावरचं दूध हे ती बघते. ‘रडायला लागलं की तुम्ही काय करता? घरात कुणी हात उचलतं का?’ हे दोन प्रश्न कसे विचारायचे आणि उत्तर मिळाल्यावर पुढे काय करायचं, हे तिला शिकवलं आणि त्या कामाचा मोबदला दिला, तर नवी योजना काढायची गरज पडणार नाही.

आणि ज्यांना शेजारच्या खोलीतून रोज रडणं ऐकू येतं त्यांच्यासाठी. मूल काही सांगायला आलं तर शेवटपर्यंत ऐका, उलटतपासणी घेऊ नका, ‘तुझी काही चूक नाही’ एवढं नक्की सांगा. लैंगिक अत्याचार झाला असेल तर कपडे धुऊ नका, थेट सरकारी दवाखान्यात न्या. गुन्हा नोंदला नसला तरी तपासणी करता येते. मुलाचा जबाब पोलिसांनी गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. शाळेच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाने प्रकरण दाबलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मारहाण, उपासमार, कामाला जुंपणं, बालविवाह, काहीही असो, १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी कळवणं पॉक्सोच्या १९व्या कलमाने प्रत्येक माणसाला बंधनकारक आहे, आणि त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर, ती पुढे सिद्ध झाली नाही तरी, कुठलीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.